आमची अर्धवट राहिलेली सहल

वाचकहो, हिवाळ्याची सुट्टी लागली की समुद्राची ओढ कोणाला लागत नाही? यंदा आमच्या घरी त्याला एक कारणही होते. आमचा भाचा शिक्षणासाठी परदेशी जाणार होता. काकांच्या पिरोगमधून एकदा तरी ब्रिजांपलीकडे मासे धरायला जावे, ही त्याची लहानपणापासूनची इच्छा.

म्हणून एका शनिवारी पहाटे फराटे व रुगाय डब्यात भरून आम्ही ला गोलेतला पोहोचलो. आदल्या रात्री रेडिओवर व्हाक्वाच्या वेधशाळेचा इशारा ऐकला होता : जोराचा आग्नेय वारा, समुद्र खवळलेला, ब्रिजांबाहेर कोणी जाऊ नये. पण किनाऱ्याजवळचे पाणी थाळीसारखे सपाट दिसत होते. आम्ही म्हणालो, "काका, पाणी शांत आहे. अर्धा तास तरी जाऊन येऊ. मुलगा पुन्हा केव्हा येईल कोण जाणे!"

काकांनी बेनीतिये बेटापलीकडे बोट दाखविले. तिथे लाटा फुटल्याची पांढरी रेघ होती. ते म्हणाले, "मास्तर, पाठीशी डोंगर आहे म्हणून इथे पाणी निजले आहे. हा वारा जमिनीकडून येतो. मोटर बंद पडली तर तो आपल्याला घरी नाही, बाहेर नेईल. पुढे काय आहे?"

पुढे सुमारे ८०० किलोमीटरवर मादागास्कर आहे. नकाशावर हे आम्हीच मुलांना दाखवितो. वाऱ्यांचा धडाही आम्हीच शिकवितो. त्या सकाळी मात्र भाच्याच्या चेहऱ्यापुढे सारे विसरलो.

अखेर लगूनच्या आतच नांगर टाकला. गळाला कोळंबी लावून दोन तास बसलो, तेव्हा दोन कापितेन मिळाले. दहाच्या सुमारास वाऱ्याचा असा झोत आला की नांगर घसरू लागला. काकांनी मोटरची दोरी ओढली, एकदा, दोनदा, पाचदा. मोटर सुरू होईना. पिरोग त्या पांढऱ्या रेघेकडे सरकू लागली. कोणी बोलेना. काकांनी एक बांबू स्वतः घेतला, दुसरा भाच्याच्या हाती दिला. पाणी छातीएवढेच होते. तळाला बांबू टेकीत दोघांनी मोठ्या कष्टाने पिरोग किनाऱ्याला लावली. ब्रिजांबाहेर बांबूला तळ कुठून लागणार होता?

नोंदणी झालेल्या मच्छीमारांना खराब हवेच्या दिवसांचा सरकारी भत्ता मिळतो. बसून मिळणारा पैसा, असे आम्हीही पूर्वी म्हणत असू. आता म्हणणार नाही. समोर समुद्र असताना घरी बसणे, हेही त्यांच्या धंद्यातले शहाणपण आहे.

संध्याकाळी आजीने त्या दोन माशांची कढी केली. सर्वांच्या वाट्याला घासभरच आली. पुढच्या आठवड्यात भाचा विमानतळावर निघाला, तेव्हा त्याच्या तळहातावरचे फोड अजून सुकले नव्हते. काकांच्या पाया पडून तो म्हणाला, "ब्रिजांपलीकडे पुढच्या वेळी."

काका म्हणाले, "वारा पाहून."

पालकहो, मुलांना समुद्रावर जरूर न्या. पण नावाडी नको म्हणाला, तर आमच्यासारखा आग्रह धरू नका.