आधी घरची खुशाली

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात पडते न पडते तोच मुलाला प्रश्न येतो, "काय रे, नोकरीचं कुठवर आलं?" मग "फजरला उठतोस ना?" आणि पाठोपाठ नसीहत. चाचांचा हेतू चांगलाच असतो. पण पुढच्या ईदला तोच मुलगा दारातूनच सलाम करून सटकतो, आणि आजकालची मुलं ऐकत नाहीत असा शेरा मिळतो. खरं म्हणजे त्या दिवशी गप्पा झाल्याच नव्हत्या, झडती झाली होती.

हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. ते आणि त्यांच्याच वयाचे काही तरुण मदीनेला आले, 20 रात्री राहिले. त्यांना घरची ओढ लागली आहे, हे पैगंबर (सल्ल.) यांनी ओळखलं. घरी मागे कोण कोण आहे, असं विचारलं. मुलांनी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. त्यानंतर म्हणाले, आता घरी परत जा, घरच्यांना शिकवा; मला जशी नमाज पढताना पाहिलंत तशी पढा; वेळ झाली की एकाने अजान द्यावी आणि वयाने मोठा असेल त्याने इमामत करावी.

सल्ल्याची सुरुवातच 'घरी जा' अशी आहे. मुलांच्या मनात जे होतं, तेच आधी त्यांच्या पदरात पडलं. पुढचं काम मग जड कशाला वाटेल? पैगंबर (सल्ल.) किती मायाळू होते, हे मालिक (रजि.) यांनी त्याच हदीसीत आवर्जून सांगितलं आहे.

मात्र खुशाली हे निव्वळ निमित्त असेल तर मुलं ते दोन भेटींत ओळखतात. मग "कसा आहेस बेटा?" ऐकलं तरी कान मिटतात. म्हणून बऱ्याचशा गप्पा नसीहतीशिवायच संपाव्यात, असं मला वाटतं. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) फक्त गुरुवारी उपदेश करीत. रोज करा, असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी नकार दिला: तुम्ही कंटाळाल, पैगंबर (सल्ल.) देखील आमच्यासाठी मधे दिवस जाऊ देत.

हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका चिमुकल्या पाखराशी खेळत असे. पैगंबर (सल्ल.) घरी येत तेव्हा या लहानग्याला विचारीत, अबू उमैर, तुझ्या पाखराचं काय झालं? चौकशी फक्त पाखराची होती.