चाल आपली, शब्द इक्बालांचे

नातख्वानीची आणि गझलगायनाची स्पर्धा शाळेत दरवर्षी होते आणि दरवर्षी आमची तक्रारही एकच असते. मुले गातात छान, पण चाल सिनेमाची. नात सुरू होते आणि दुसऱ्याच ओळीला मागच्या बाकावरची पोरे हसू लागतात, कारण त्यांना मूळ गाणे आठवलेले असते. म्हणून यंदा उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या आम्ही शिक्षकांनी ठरवले की स्पर्धा गळ्याची नको, चाल लावण्याची घेऊ या. कविता जुन्या, नावाजलेल्या शायराची हवी. चाल स्वतःची हवी. गाणारा एकटा, सोबत वाद्य नाही, मोबाईलवरचा ट्रॅकही नाही.

नोटीस लागली आणि तिसऱ्या दिवशी दोन पालक दारात. दिवेआगरच्या आसपासची आमची घरे साधी; कोणी सुपारीच्या वाडीत, कोणी जहाजावर, कोणी आखातात. ‘सर, मुलींना संगीत शिकवता का?’ हा प्रश्न रागाने नव्हे, काळजीने विचारलेला होता. आम्ही त्यांना बसवले, चहा दिला. वाद्यांबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडणार नाही, आणि म्हणूनच वाद्य ठेवलेले नाही, हे सांगितले. शायरीचे म्हणाल तर हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांच्यासाठी मस्जिदे नबवीत मिंबर ठेवला जाई, हे हदीसमध्ये आलेले आहे. मुलींची फेरी वेगळी, समोर फक्त आया आणि शिक्षिका, असेही ठरले. एका वडिलांनी होकार दिला. दुसऱ्यांनी नाही दिला. त्यांच्या मुलीने यंदा भाग घेतला नाही; आम्हीही आग्रह धरला नाही, पण तिची वही पाहिली तेव्हा वाईट वाटले. गालिबच्या गझलेवर तिने पेन्सिलीने श्वास घ्यायच्या खुणा करून ठेवल्या होत्या.

खरी अडचण पुढे आली. मुलांना वाटे, चाल म्हणजे वर-खाली जाणारे सूर. शब्दाला स्वतःचे वजन असते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. ‘मुहब्बत’ हा शब्द घ्या. मु आखूड, हब् लांब, बत् लांब. सुराच्या मोहात ‘मु’ लांबवला की शब्द मोडला आणि ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. उर्दूत या वजनाला ‘फऊलुन’ म्हणतात, मराठीच्या तासाला तेच ‘लगागा’ होते. चार वेळा फऊलुन म्हणजे बहर मुतकारिब. चार वेळा लगागा म्हणजे भुजंगप्रयात. नावे दोन, पावले तीच! इक्बाल यांच्या ‘बाल-ए-जिब्रील’ (1935) मधली एक अतिशय गाजलेली गझल याच बहरात आहे आणि समर्थ रामदासांचे मनाचे श्लोकही याच वृत्तात आहेत. फार्सीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियन यांनी फार्सी-उर्दूची ही वजने मराठीत रुळवली, त्यांचा ‘गज्जलांजलि’ 1933 चा. पुढे सुरेश भटांनी गझल मराठी घराघरांत नेली आणि सांगली जिल्ह्यातल्या इलाही जमादारांच्या मराठी गझला भीमराव पांचाळे यांनी गायल्या. उर्दू आपली आणि मराठी शाळेची, अशी वाटणी करणाऱ्यांनी हे जरा पाहावे.

चाल कवितेचे काय करते, हे दाखवायला आम्ही ‘तराना-ए-हिंदी’ घेतला. इक्बालांनी तो 1904 मध्ये लिहिला. आज आपण म्हणतो ती चाल पंडित रविशंकर यांची, मुंबईत इप्टासाठी काम करत असताना 1945 मध्ये बसवलेली. म्हणजे कविता चाळीस वर्षे या चालीवाचून होती, आणि आता चाल बाजूला काढून ती नुसती वाचू म्हटले तर जीभच वळत नाही. त्यात प्रत्येक मिसऱ्याचे दोन सारखे तुकडे पडतात आणि चालही नेमकी तिथेच टेकते. शायराने जिथे थांबायला जागा ठेवली तिथेच संगीतकार थांबला. गालिबचेही पाहा. सोहराब मोदींच्या 1954 च्या ‘मिर्झा गालिब’ चित्रपटात गुलाम मोहम्मद यांनी त्याच्या गझलांना चाली दिल्या, त्या सुरैया आणि तलत महमूद यांनी गायल्या. 1988 च्या दूरदर्शन मालिकेत त्यांतल्याच काही गझला जगजितसिंग यांनी नव्याने बांधल्या. आमच्यात यावरून दोन तट आहेत. आम्ही तलतच्या बाजूचे, वयाने नसलो तरी.

स्पर्धेच्या दिवशी मुलांच्या फेरीत अकरा जण. तिघांच्या चाली सिनेमाच्याच निघाल्या, थोड्या उलट्यापालट्या केलेल्या. मुलींच्या फेरीत आठवीतल्या एकीने इक्बालांची एक नज्म अगदी तीन-चार सुरांत बांधली. विचारले, तर म्हणाली, दादी अंगणात सुपारी सोलताना गुणगुणते ना, तसे. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने त्यांची वाडी भुईसपाट केली. आता नवी रोपे लावली आहेत, सोलायची सुपारी विकत येते. गुणगुणणे मात्र जुनेच. दोन शब्द तिने मोडले, तरी पहिला क्रमांक तिलाच दिला.

वाद झाला तो सातवीतल्या एका मुलावरून. त्याने इक्बालांची तीच मुतकारिबमधली गझल म्हटली, एक अक्षर न मोडता, ठाय लयीत. आम्ही उर्दूवाले खूश. एवढ्यात मराठीच्या बाईंनी हळूच सांगितले, ही तर मनाच्या श्लोकांची चाल आहे! शेजारच्या घरातून तो रोज संध्याकाळी ऐकतो. त्याला मात्र खरेच वाटत होते की चाल आपल्याला आपोआप सुचली. नियम पाहिला तर तो बाद, आणि वजनाची समज पाहिली तर त्याच्याइतका पक्का दुसरा कोणी नाही. तासभर घोळ घातला आणि शेवटी त्याला बादच केले. दुसऱ्या दिवशी त्याच्याचकडून वर्गात आधी श्लोक आणि मग गझल म्हणवून घेतली, बाकीच्यांना फऊलुन बोटांवर मोजायला लावले.

तो अजून रुसलेला आहे. पुढच्या वर्षी कोणती गझल घ्यायची, हे मात्र विचारून गेला.