चिंतेवरची गोळी सोडताना

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही नावे वेगवेगळी असली, तरी ही सर्व औषधे बेंझोडायझेपिन या एकाच गटातील असून, मेंदूतील चेतापेशींची उत्तेजना आवरणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव ती वाढवतात. लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून १९६० मध्ये या गटातील पहिले औषध बाजारात आले. चिंताविकारावर दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या नैराश्यरोधक औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, तर या गोळीने तासाभरातच बरे वाटू लागते. म्हणून मधल्या काळापुरती ती देणे रास्तच असते आणि ती घेणाऱ्याने त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न पुढे उभा राहतो. रोजच्या सेवनाने मेंदू औषधाला सरावतो, तेवढ्याच मात्रेचा परिणाम ओसरू लागतो, आणि अशा अवस्थेत गोळी एकाएकी बंद केली, तर झोप उडणे, कंप, घाम, धडधड व तीव्र अस्वस्थता अशी लक्षणे उद्भवतात, क्वचित झटकेही येतात. अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधात हे एक-दोन दिवसांतच घडू शकते. ही लक्षणे मूळ आजारासारखीच दिसत असल्याने रुग्णाला आजारच उलटल्याचे वाटते व तो पुन्हा गोळीकडे वळतो. या गैरसमजातूनच काही आठवड्यांचे औषध वर्षानुवर्षे चालू राहते. ब्रिटनमध्ये १९८८ मध्येच दोन ते चार आठवड्यांची मर्यादा सुचवली गेली होती. दीर्घ सेवनानंतर मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने, बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के, उतरवावी लागते.

वृद्धांमध्ये या गोळ्यांमुळे तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो, आणि विस्मरण किंवा गोंधळ झाल्यास त्याचा दोष वयाच्या माथी मारला जातो, ही विशेष चिंतेची बाब होय. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांसोबत त्या घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यूही ओढवू शकतो. गुंगी असताना वाहन चालवू नये, हे वेगळे सांगायला नको.

२०१४ पासून अल्प्राझोलाम व डायझेपाम ही औषधे औषध नियमांतील ‘एच-१’ अनुसूचीत असल्याने नागपूरच्या नंदनवन भागातील औषध विक्रेत्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी पाहून रुग्णाच्या नावासह स्वतंत्र नोंद ठेवावी लागते व ती तीन वर्षे जपावी लागते. मात्रा कमी करण्यासाठी नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा (‘मेडिकल’चा) मानसोपचार विभाग व प्रादेशिक मनोरुग्णालय येथे सल्ला घेता येतो, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही निःशुल्क बोलता येते.