‘एफ-वन’ दाबून किती दिवस पुढे जाणार?

संगणकाचे बटण दाबले की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटते, ‘सीमॉस चेकसम एरर’. खाली सूचना असते, ‘पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा’. आपण एफ-वन दाबतो, विंडोज सुरू होते आणि ती ओळ आपण विसरून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत अनेक घरांत असे जुने ‘असेंबल्ड’ संगणक अजून कामात आहेत. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सुटे भाग घ्यायचे, लोकलच्या गर्दीत ते सांभाळत घरी आणायचे आणि ओळखीच्या मुलाकडून जोडून घ्यायचे, ही त्या काळची रीत. पैसे वाचत, पण बिघाड झाला की विचारायचे कोणाला, हा प्रश्न उरे. डोंबिवलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असे संगणक मी बरीच वर्षे उघडत आलो आहे. त्या अनुभवातून सांगतो, की या ओळी नीट वाचल्या तर निम्मे निदान घरीच होते.

आधी ही ओळ लिहितो कोण, ते पाहू. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये ‘बायोस’ नावाचा छोटा प्रोग्रॅम कायमचा साठवलेला असतो. विंडोज जागे होण्यापूर्वी तो मेमरी, कीबोर्ड, हार्ड डिस्क यांची हजेरी घेतो. कोणती डिस्क आधी वाचायची, ती कशा पद्धतीने जोडलेली आहे, ही माहिती सीमॉस नावाच्या वेगळ्या, चिमुकल्या स्मृतीत असते. तारीख-वेळ सांभाळणारे घड्याळही तिथेच. ही स्मृती विजेशिवाय टिकत नाही, म्हणून तिच्यासाठी रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी बसवलेली असते. तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२, दाब तीन व्होल्ट.

आता ‘चेकसम’. दुकानदार दिवसाअखेरी रोजमेळाची बेरीज मांडून ठेवतो. सकाळी पुन्हा बेरीज केली आणि आकडा जुळला नाही, तर वहीत काहीतरी बदलले आहे हे त्याला कळते. बायोस नेमके हेच करतो. बेरीज चुकली की तो जुनी वही बाजूला सारतो आणि कारखान्यातले मूळ आकडे भरतो.

बॅटरी दमली की हे होते, पण आपल्याकडे त्याला एक स्थानिक कारणही आहे. १९९५ नंतर आलेल्या एटीएक्स पद्धतीच्या संगणकांत भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि बॅटरीवर भार पडत नाही. आपण मात्र रात्री भिंतीवरचे बटण बंद करतो. ती सवय चांगलीच आहे. पण मग रात्रभर घड्याळ चालवायचे काम बॅटरीवर येते. भारनियमनाच्या काळात कल्याण-डोंबिवलीत दिवसाचे कित्येक तास हेच होत असे.

यातूनच एक सोपी परीक्षा निघते. भिंतीवरचे बटण बंद केल्यानंतरच संदेश येत असेल आणि तारीख कित्येक वर्षे मागे जात असेल, तर दोष बॅटरीचा. वीज न तोडता नुसते ‘रीस्टार्ट’ केल्यावरही बेरीज चुकत असेल, तर बॅटरीमागे लागू नका. अशा वेळी मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय पाहावा लागतो. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या अनेक मदरबोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर बसवले गेले होते. त्यांचे सपाट डोके फुगलेले किंवा चिकट झालेले दिसले, तर रोग तिथे आहे. नाही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तारीख चुकणे ही किरकोळ बाब नाही. बँकेच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या सुरक्षित संकेतस्थळाला एक प्रमाणपत्र असते आणि त्याला मुदत असते. संगणक स्वतःला जुन्या सालात समजत असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला अजून लागूच झालेले नसते, आणि तो संकेतस्थळ उघडायला नकार देतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात. दोष असतो शंभर रुपयांच्या आतल्या बॅटरीचा.

बॅटरी बदलताना संगणकाची वायर भिंतीतून काढा, डब्याच्या धातूला हात लावा, कोणती बाजू वर होती ते पाहून ठेवा. पण त्याआधी, सेटिंग अजून शाबूत असतील तेव्हा, सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. कारण सांगतो. कल्याणच्या एका निवृत्त गृहस्थांच्या संगणकावर सोसायटीचे अनेक वर्षांचे हिशेब होते. बॅटरी संपली, मूळ आकडे भरले गेले, त्यात हार्ड डिस्क जोडण्याची पद्धत बदलली आणि विंडोज निळा पडदा दाखवून थांबू लागले. तपासायला आलेल्याने सांगितले, ‘डिस्क गेली, फॉरमॅट करावी लागेल.’ त्यांनी सुदैवाने होकार दिला नाही. सेटअपमधली ती एक ओळ पूर्ववत केली आणि सगळे हिशेब जसेच्या तसे समोर आले. म्हणून बॅटरी गेल्यानंतर विंडोज उठत नसेल, तर डिस्क पुसण्याआधी हे जरूर तपासा.

इतर संदेशांचेही असेच. ‘कीबोर्ड सापडला नाही’ असे येत असेल, तर जुना, गोल पिनेचा कीबोर्ड लावून पाहा. यूएसबी कीबोर्डची सोय सेटअपमध्ये बंद झालेली असू शकते. पडदा काळा आणि नुसताच ‘बीप’ वाजत असेल, तर बहुतेकदा मेमरीची पट्टी सैल किंवा गंजट झालेली असते. पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत हे घडते. वीज तोडून पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. ‘सीपीयू फॅन एरर’ आला तर धूळ काढा, पण तो इशारा सेटअपमध्ये बंद करू नका.

एका संदेशापुढे मात्र एफ-वन दाबून रोजचे काम सुरू करू नये. ‘हार्ड डिस्क स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’. तो आला की त्याच दिवशी फोटो, हिशेब, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. बाकी सगळे नंतर.

बायोसच नवा भरावा, असा सल्लाही मिळतो. तो शेवटचा उपाय. मदरबोर्डचे नेमके मॉडेल जुळले नाही, किंवा भरता भरता वीज गेली, तर चालता संगणक मुका होतो. यूपीएस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

जुन्या संगणकावर किती खर्च करायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. लिखाण, हिशेब, जुनी गाणी यांसाठी ती इंटरनेटविना चालतील. बँकेचे व्यवहार त्यांवर करू नयेत. पण यंत्र ठेवा किंवा मोडीत काढा, आतली माहिती आधी काढून घ्या. सुटे भाग बाजारात पुन्हा मिळतात, मुलांचे लहानपणचे फोटो मिळत नाहीत.