दवाखान्यातला दुभाषी

खानवेल, दुधनीकडची वारली किंवा कोकणा बाई सिल्वासाला इस्पितळात येते, तेव्हा तिची बोली एक आणि डॉक्टरांची हिंदी-गुजराती दुसरी. मग कोणीतरी म्हणते, "त्या आयाबाईंना बोलवा, त्यांना हिची बोली येते." आयाबाई हातातले काम टाकून येतात आणि घटकाभर दुभाषी होतात. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण दोन भाषा येणे निराळे आणि दुखणे एका भाषेतून दुसरीत नेणे निराळे.

आपल्या मराठीचेच पाहा. "अंगावरून जातं" म्हणजे बाईला रक्त किंवा पांढरे पाणी जाते. "अंगावरून वारं गेलं" म्हणजे पक्षाघात. एक शब्द गाळला की रोगच बदलला! "दिवस गेलेत" याचे शब्दाला शब्द हिंदी केले, तर बाई गरोदर आहे हे डॉक्टरांना कळायचेच नाही. उलट डॉक्टर म्हणतात, "कल से गोली बंद." आपल्या कानाला ते "काल" वाटते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात १९८० साली १८ वर्षांचा एक तरुण बेशुद्ध होऊन इस्पितळात आला. घरचे स्पॅनिश बोलणारे. काहीतरी खाण्यात येऊन बाधले, अशा अर्थाने त्यांनी "इंतोक्सिकादो" म्हटले. इंग्रजी कानांनी ते नशा असे ऐकले. उपचार नशेचे झाले. खरे तर मेंदूत रक्तस्राव होता. मुलाचे हातपाय कायमचे गेले. आज तिथे दवाखान्यातल्या दुभाष्याला प्रमाणपत्राच्या परीक्षेआधी किमान ४० तासांचे शिक्षण घ्यावे लागते.

आपल्याकडच्या आया, वॉर्डबॉय, आशाताई यांना काय शिकवावे? रोगी बोलेल ते सगळे सांगावे, पदरचे घालू नये, लाजेखातर गाळू नये. "ती म्हणते तिला दुखतं" असे न सांगता "मला दुखतं" असेच सांगावे. शब्द अडला तर अंदाज न बांधता पुन्हा विचारावे. सल्ला देऊ नये (मोह फार होतो!). आणि ऐकलेले पाड्यावर नेऊ नये.

सिकलसेलच्या बाबतीत हे फार जपावे लागते. आदिवासी भागांत तपासणीची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तपासणीत एखादी मुलगी वाहक निघते. वाहक म्हणजे रोगी नव्हे. दुभाष्याने घाईत "तुला सिकल झालाय" म्हटले, तर तिचे ठरलेले लग्न मोडेल. "काही नाही, जा" म्हटले, तर उद्या ती दुसऱ्या वाहकाच्याच घरी पडेल, आणि मग दर गर्भारपणी मूल रोगी निघण्याची शक्यता चारात एक.

दुभाषी नसेल तर घरचे मोठे माणूस सोबत न्यावे. शाळकरी मुलीला आईच्या पाळीविषयी बोलायला लावू नये. आणि निघण्यापूर्वी गोळी कोणती, किती वेळा, किती दिवस, हे रोग्याने आपल्या बोलीत परत म्हणून दाखवावे, दुभाष्याने ते डॉक्टरांना सांगावे.