महाडला जायचं तर वीरला उतरा

महाड शहराला रेल्वे स्टेशन नाही. कोकण रेल्वेने येणारा माणूस वीरला उतरतो आणि पुढे मिळेल त्या गाडीने महाड गाठतो. रोहा-वीर टप्पा १९९३ साली सुरू झाला. दुहेरी रूळही इथवरच आलेत, पुढे एकेरी. २० मार्चच्या आसपास मात्र फलाटावर निळे झेंडे दिसले, की गर्दी कुठे निघालीय ते विचारावं लागत नाही.

रेल्वे नव्हती तेव्हा ये-जा सावित्रीच्या खाडीतून. २५ डिसेंबर १९२७ला बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी ‘पद्मावती’ बोटीने उतरले ते वीरशेजारच्या दासगाव बंदरात. तिथून महाड पाच मैल, पायी.

त्याआधीची गोष्ट कागदावरची आहे. १९१९च्या सुधारणांनी प्रांतिक कायदेमंडळं मोठी केली, थोडीफार सत्ताही दिली. मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ला सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळ्याला त्याचा पत्ताच नव्हता! महाडला मार्च १९२७मध्ये भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत आणावं लागलं. चाळीस रुपये, तेही त्या काळचे. २० मार्चला लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग शहाण्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे १०८ घडे ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठराव करणारीही निवडून आलेली माणसं, फिरवणारीही.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. तिला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आली होती. त्या वेळी पाण्याला कुणी हात लावला नाही, मनुस्मृती मात्र जाळली गेली. तळ्याचा दावा दहा वर्षं चालला. मार्च १९३७मध्ये हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्याच सुमारास नव्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुका होऊन आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार विधानसभेत पोहोचले होते.

इंग्रज गेले १९४७ला. राज्यघटनेच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट अशी यादी आहे, सरकारी पैशातून राखलेल्या जागांची. बोल्यांच्या ठरावाशी ती ताडून पाहावी. ती वाचायला वीरच्या फलाटावर वेळही भरपूर मिळतो, पॅसेंजर वेळेवर आली नाही तर.