टपालातील मनाई : रूढ समज आणि नियमांचे खरे रूप

टपालाने अमुक वस्तू चालते आणि अमुक चालत नाही असे जेव्हा लोकव्यवहारात सांगितले जाते, तेव्हा मनाई हा वस्तूच्या अंगचा कायमचा गुण आहे असे त्यामागे गृहीत धरलेले असते, आणि या विषयातील बहुतेक गैरसमज या एका गृहीतकातून निघतात. टपालाचे नियम वस्तूपेक्षा तिच्या प्रवासाचा विचार अधिक करतात : ती कोणत्या वाहनाने जाणार, कोणत्या वेष्टनात, कोणत्या सेवेने आणि शेवटी कोणत्या देशाच्या हद्दीत उतरणार. म्हणूनच एकच वस्तू एका वाटेने विनासायास पोहोचते आणि दुसऱ्या वाटेने अडते.

कायद्याची शब्दयोजना हेच दाखवते. १८९८ च्या भारतीय डाकघर अधिनियमातील एकोणिसाव्या कलमाने स्फोटक, धोकादायक, घाणेरडे व अपायकारक पदार्थ टपालात टाकण्यास मनाई केली होती. धारदार हत्यारांबद्दल मात्र त्या कलमाची भाषा अधिक सावध होती, कारण मनाई सरसकट हत्याराला नसून नीट सुरक्षित न केलेल्या हत्याराला होती. पाते जाड पुठ्ठ्यात पक्के बांधलेली विळी आणि कागदात नुसती गुंडाळलेली विळी यांत हा कायदा फरक करत होता, आणि त्या फरकाच्या केंद्रस्थानी पिशव्यांत हात घालून टपालाची वर्गवारी करणारा कर्मचारी होता. १८ जून २०२४ पासून हा जुना कायदा जाऊन डाकघर अधिनियम, २०२३ लागू झाला. नव्या कायद्याने टपालविषयक गुन्हे व शिक्षांची जुनी प्रकरणे वगळली, यावरून मनाईच उठली असा अर्थ काही जण काढतात, पण तो चुकीचा आहे. अमली पदार्थांना १९८५ चा कायदा, स्फोटकांना १८८४ चा कायदा, वन्यजीवांच्या अवयवांना १९७२ चा कायदा लागू आहेच, आणि त्या वस्तू टपालाच्या पिशवीत शिरल्या म्हणून ते कायदे बाजूला होत नाहीत. बंद पाकीट कोणालाच उघडता येत नाही ही समजूतही तितकीच अपुरी आहे. राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा कोणत्याही कायद्याचा भंग अशा कारणांसाठी टपाल अडवण्याचा व उघडण्याचा अधिकार नव्या कायद्याच्या नवव्या कलमात आहे, आणि संशयित वस्तू सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या, म्हणजे देशात येणाऱ्या व देशाबाहेर जाणाऱ्या मालाची तपासणी करून कर आकारणाऱ्या यंत्रणेच्या, हवाली करण्याची तरतूदही तेथेच आहे.

द्रवपदार्थ टपालाने जातच नाहीत, हा आणखी एक पक्का समज. २०१६ पासून टपालखाते स्वतः गंगाजलाच्या बाटल्या विकते व पोहोचवते, एवढे उदाहरण त्याच्या खंडनाला पुरे आहे. अट वेष्टनाची असते : बाटलीचे तोंड हवाबंद हवे, ती भक्कम खोक्यात ठेवलेली हवी आणि भोवती कापूस किंवा लाकडाचा भुसा इतका हवा की बाटली फुटली तरी सगळा द्रव त्यातच जिरेल. शेजारच्या पार्सलात कोणाची गुणपत्रिका किंवा औषधे असतील याचा विचार या अटीमागे आहे.

मात्र द्रव ज्वालाग्राही, म्हणजे सहज पेट घेणारा असेल, तर प्रश्न वेष्टनाचा राहत नाही. अत्तर, नेलपॉलिश, मद्यार्कयुक्त सॅनिटायझर, दाबाखाली भरलेले फवाऱ्याचे डबे, आगपेट्या या घरगुती वाटणाऱ्या वस्तू विमानवाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालाच्या नऊ वर्गांपैकी कोणत्या ना कोणत्या वर्गात मोडतात. पार्सल देशातल्या देशात जायचे असल्याने विमानाचा संबंध येत नाही, असा बचाव येथे नेहमी ऐकू येतो. परंतु भारतात टपाल आणि विमान यांचे नाते जुने आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. आजही लांबच्या शहरांत वेगाने पोहोचवायचे टपाल विमानाने जाते, आणि आपले पार्सल नेमके कोणत्या वाहनात चढेल हे पाठवणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचे भारतीय नियम खासगी कुरियरलाही बांधून ठेवतात, त्यामुळे टपालात न चालणारी बाटली कुरियरने बिनधास्त जाते हा समजही टिकत नाही.

बॅटरीबद्दलचा गोंधळ तर अलीकडचा आणि सर्वांत घातक आहे. लिथियम बॅटरीत थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठवलेली असते. ती चेपली, तापली किंवा तिची दोन टोके धातूने जोडली गेली, तर आतली रासायनिक क्रिया स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि आग शेजारच्या बॅटरीपर्यंत पोहोचते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ एक मालवाहू विमान अशाच आगीने कोसळले व दोन्ही वैमानिक दगावले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. १८७४ साली स्थापन झालेली आणि १८७६ पासून भारत जिचा सदस्य आहे ती जागतिक टपाल संघटना म्हणूनच सुट्या लिथियम बॅटऱ्या आंतरराष्ट्रीय टपालात घेऊ देत नाही. उपकरणात बसवलेल्या बॅटऱ्यांना ती मर्यादित मुभा देते, पण तीही एका पार्सलात जास्तीत जास्त चार सेल किंवा दोन बॅटऱ्या अशी, आणि संबंधित देशाच्या विमानवाहतूक अधिकाऱ्यांची मान्यता असेल तरच. पॉवर बँक हे उपकरण समजून पाठवले जाते. नियमांच्या दृष्टीने ती सुटी बॅटरीच आहे, कारण दुसऱ्याला वीज पुरवणे एवढेच तिचे काम असते.

पैसे आणि दागिने यांच्याविषयी दोन परस्परविरोधी समज एकाच वेळी नांदतात. काहींना ते पूर्णतः निषिद्ध वाटतात, तर काही जण पुस्तकाच्या पानांत नोट ठेवून साधे पाकीट पाठवतात. चलनी नोटा, नाणी, सोने-चांदी आणि जडजवाहीर देशांतर्गत टपालाने विमा उतरवून पाठवण्याची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. केवळ रक्कम पोहोचवायची असेल तर मनिऑर्डर त्यासाठीच आहे. साध्या पाकिटातली नोट हरवली तर ती त्यात होती हे सिद्ध करण्याचा मार्ग उरत नाही.

सजीवांवरील मनाईलाही अपवाद आहेत. जागतिक टपाल संघटनेच्या नियमांत मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे यांना योग्य पेटीतून जाण्याची परवानगी आहे, आणि पिकांवरील किडीचा नाश करणारे मित्रकीटक मान्यताप्राप्त संस्थांना परस्परांकडे पाठवता येतात.

मराठी घरांची या नियमांशी खरी गाठ पडते ती दिवाळीच्या सुमारास, परदेशी फराळ पाठवताना. भारतीय टपालखात्याने पार्सल स्वीकारले म्हणजे ते पोहोचणारच, हा समज येथे सर्वाधिक नुकसान करतो, कारण अंतिम निर्णय पार्सल उतरते त्या देशाचा असतो आणि त्याची कारणे भारतीय स्वयंपाकघरातून दिसत नाहीत. ऑस्ट्रेलिया पेढा, बर्फी, गुलाबजाम अशा दुधाच्या मिठाया येऊ देत नाही, कारण जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगापासून त्या देशाचे पशुधन मुक्त आहे व दुग्धजन्य पदार्थांतून तो शिरण्याची भीती असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध आहे, कारण ती अफूच्याच झाडाचे बी आहे. म्हणजे दुबईला जाणाऱ्या डब्यातला चिवडा निर्धोक असला तरी खसखशीत थापलेले अनारसे आणि सारणात खसखस घातलेली करंजी पाठवणाऱ्याला व घेणाऱ्यालाही अडचणीत आणू शकते. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या अन्नाची पूर्वसूचना तेथील अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते, पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी करून भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला त्यातून सूट आहे, ही तरतूद फराळ विकत घेऊन पाठवणाऱ्यांपेक्षा घरी करणाऱ्यांच्या सोयीची आहे. हापूस मात्र कितीही प्रेमाने बांधला तरी अमेरिकेत अशा पार्सलाने जाऊ शकत नाही. २००७ पासून तेथे जाणारा भारतीय आंबा लासलगावसारख्या केंद्रात विकिरणाची, म्हणजे किडीचा बंदोबस्त करणाऱ्या किरणांची, प्रक्रिया होऊन व वनस्पती-आरोग्याचा दाखला घेऊनच जातो.

निघण्याच्या टोकालाही बंधने आहेत, आणि ती बहुधा विसरली जातात. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. पणजोबांची हस्तलिखित पोथी कुटुंबाचीच असली तरी ती परदेशी धाडण्यास हा कायदा आडवा येऊ शकतो. मोरपिसे घरात ठेवण्यास हरकत नसली तरी त्यांच्या निर्यातीवर बंदी आहे.

एकदा पाहिलेली यादी कायम पुरते, हेही खरे नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या आयातीवरील करसवलत काढून घेतली तेव्हा भारतीय टपालखात्याला तिकडचे टपाल थांबवावे लागले, आणि ही सेवा १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आली असताना, पुन्हा सुरू झाली. म्हणून चौकशी दर वेळी दोन ठिकाणी करावी लागते : पाठवणाऱ्या टपाल कार्यालयात आणि ज्या देशात पार्सल जायचे त्या देशाच्या सीमाशुल्क व अन्नतपासणी विभागांच्या चालू नियमांत.

शेवटचा गैरसमज परदेशी पार्सलावर चिकटवायच्या जाहीरनाम्याचा. हलक्या व कमी किमतीच्या पाकिटांसाठी 'सीएन २२' आणि पार्सलांसाठी 'सीएन २३' नावाचा हा तक्ता केवळ उपचार समजून त्यात 'भेटवस्तू' किंवा 'खाद्यपदार्थ' एवढेच लिहिले जाते. कागदावरच्या चुकीच्या नोंदीची किंमत किती मोठी असू शकते याचे एक उदाहरण : ११ मे १९९६ रोजी फ्लोरिडात एका प्रवासी विमानाच्या मालकक्षात आग लागून ११० माणसे गेली. त्या कक्षात ठेवलेली प्राणवायू निर्माण करणारी नळकांडी कागदोपत्री रिकामी म्हणून नोंदवलेली होती आणि प्रत्यक्षात ती भरलेली होती. 'खाद्यपदार्थ' याऐवजी 'भाजणीची चकली, एक किलो. बेसनाचे लाडू, अर्धा किलो' असे लिहिले, तर तपासणाऱ्याला खोके न फोडता निर्णय करता येतो, आणि एखादी वस्तू तेथे चालत नसेल तर बहुधा ती यादी वाचतानाच, खोके निघण्यापूर्वीच, ध्यानात येते.